माळकऱ्याच्या घरचं अळू

ती अळी पहिल्यांदा बघितली माझ्या धाकट्या बहिणीनं. ती सहावीत आहे, आणि तिला घरामागं कोथिंबीर आणायला पाठवलं की ती कोथिंबीर सोडून बाकी सगळं घेऊन येते. त्या दिवशी मात्र नुसता आवाज आला.

"आई, आळवावर साप हाय! बारका!"

आई हातातलं उलथनं घेऊन पळाली आणि मी मोबाईल घेऊन. ज्याचं त्याचं हत्यार.

साप नव्हता. बोटाएवढी जाड अळी होती, काळपट, आणि दोन्ही अंगांना गोल गोल पिवळे ठिपके. कुणीतरी टिकल्यांचं अख्खं पाकीट तिच्यावर वापरल्यासारखे. शेपटीवर एक बारीक शिंग. चालायला लागली की ते शिंग पुढंमागं हलायचं. धाकटीनं काडीनं डिवचल्यावर तिनं मान आत ओढली, पुढचा भाग फुगवला आणि असं काही डोळे वटारून बघितलं की मला आमचे पीटीचे सरच आठवले. मी लगेच करून दाखवलं. मान आत, गाल बाहेर, "कोण हसलं रे तिकडं?" धाकटी हसून चिखलात बसली. आई म्हणाली, "तुला अळीची बी नक्कल करता येती, भाजी तेवढी येत न्हाई."

मला नक्कल करायचा रोगच आहे. शाळेत बाईंची, कॉलेजात क्लार्कची, लग्नात भटजींची. एखाद्याचा आवाज एकदा कानात गेला की तो माझ्या तोंडातनं बाहेर पडल्याशिवाय मला चैन पडत नाही. गेल्या गौरीची ही गोष्ट मात्र मी कुणाला करून दाखवत नाही.

आमचं घर कामशेतच्या अलीकडं, गावाच्या पार कडेला. मागं मोरीचं पाणी जातं तिथं आईनं अळू लावलंय. त्याच्यापुढं मिरच्या, भेंडी, दोडक्याचा मांडव. तुकडा लहान, पण आईचं सगळं लक्ष तिथं. त्यात भाद्रपद जवळ आला की अळवाचा भाव वधारतो, कारण गौरीच्या जेवणाला अळूची पातळ भाजी लागतेच. ती नसली तर बायका एकमेकींच्या ताटात वाकून बघतात.

एक अळी सापडली म्हणता म्हणता पानापानाखाली सापडायला लागल्या. आणि आम्ही काय केलं, तर बघत बसलो. अक्षरशः. पप्पा आंबीला कंपनीत कामाला आहेत. शिफ्ट संपवून आले की बूट न काढता थेट मागं. "हजेरी लागली का सगळ्यांची?" पप्पांनीच त्यांना हुद्दे वाटले होते. सगळ्यात जाड होता, ज्याचं शिंग जरा वाकडं होतं, तो सुपरवायझर. "दिवसभर खातोय आणि मागं शेपटी हलवतोय. सेम टू सेम आमचा." पानाखाली लपून बसायची, कुणाला दिसायची नाही, ती एचआर. बारक्या हिरव्या होत्या त्या सगळ्या हेल्पर, कंत्राटी.

आई लांबनं तोंड वाकडं करायची, पण एका अळीनं कात टाकली ते सगळ्यात आधी तिनंच बघितलं आणि आम्हाला हाका मारून मारून बोलावलं. धाकटी शाळेत शिकलेलं सांगायची, आता कोश, मग फुलपाखरू. पप्पा उलट्या घमेल्यावर चहा घेऊन बसायचे. मी सुपरवायझरच्या आवाजात डायलॉग मारायचे, "टार्गेट कंप्लीट करा, हे पान आजच्या आज संपलं पायजे." आम्ही चौघं इतकं छान वागत होतो एकमेकांशी. ते आठवलं की आता जास्तच कसंतरी होतं.

टार्गेट कंप्लीट होत होतं, हाच घोळ होता. पानं चाळणीसारखी दिसायला लागली आणि गौरी तोंडावर आल्या.

पप्पा म्हणाले, "कंपनीतल्या माळ्याकडनं औषध आणतो. एक फवारा मारला की झालं."

आईनं गळ्यातली तुळशीची माळ बोटात धरून त्यांच्यासमोर नाचवली. "ही काय शोभेला घातलीय व्हय? माज्या दारात जीव मारायचा न्हाई."

"मग गौरीला देठं वाढ."

"मारायचं कशाला? उचलायचं आणि लांब सोडायचं."

लांब म्हणजे किती, तर ओहोळाच्या पलीकडं. तिथं रानआळू माजलेलं असतं. त्याला चिकटूनच शेजारच्या मावशीच्या भातखाचराचा बांध, आणि बांधावर तिचं अळू. सगळं गाव तिला मावशी म्हणतं, आमची आईसुद्धा. मावशी एकटी राहते. तिची लेक आंबीला दिलीय. ती वर्षातनं एकदा, गौरीला माहेरी येते. तिची साडी ह्याच अळवातनं निघते. मावशी गौरीच्या आदल्या दिवशी जुड्या बांधून लोणावळ्याच्या बाजारात बसते आणि येताना साडी घेऊन येते. त्याच्या आदल्या साली पावसानं तिचं अळू कुजलं, तर लेक नुसतं खणनारळ घेऊन सासरी गेली, आणि सासूनं तिला वर्षभर ऐकवलं. ह्या खेपेला मावशीनं कामशेतला दुकानात एक जरीकाठाची बाजूलाच काढून ठेवायला सांगितली होती. हे आम्हाला माहीत होतं. आमच्याच ओट्यावर बसून तिनं काठाचा रंग सांगितला होता.

पप्पा म्हणाले होते, खोटं कशाला सांगू. "शेजारी मावशीचं हाय ना?"

आई म्हणाली, "रानात एवढं माजलंय ते सोडून तिकडं कशाला जात्याल?"

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडली आणि आम्ही तिघी निघालो. आणि मग माझा तो रोग. आमच्याकडं हल्ली जो उठतो तो प्लॉट विकतो, त्यामुळं एजंटचा आवाज मला पाठ आहे. मी एकेक अळी रानआळवावर ठेवत गेले. "या सर, या मॅडम, पाय जपून, सगळेच पाय जपून. एनए प्लॉट, क्लिअर टायटल, डॅम व्ह्यू. पाणी चोवीस तास. मुंबईहून दोन तास फक्त. शेजार एकदम शांत. एकच म्हातारी हाय, तिचा काय त्रास न्हाई."

आईला हसू आवरेना. पदर तोंडात धरून हसत होती. हसण्याचा आवाज ऐकून मावशी तिच्या दारात आली, आणि काही न कळता तीही हसायला लागली. लांबनंच ओरडली, "कुणाला इकतीयास गं जागा?"

"पाव्हण्यांना, मावशी!"

"इक, इक! माजी बी इक त्यात!"

आम्ही पुढं रोज सकाळी एक फेरी मारायचो, आमचं अळू साफ होईपर्यंत. आई भेटेल तिला सांगायची, आमच्यात मारत न्हाईत. सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा, जसा माझा पहिल्या नंबरानं आल्यावर झाला असता, आले असते तर.

रानआळू संपायला वेळ लागला नाही. कॉलेजला जाताना मला दिसलं, तिथं नुसती देठं उभी होती. आणि बांधावरच्या पहिल्या ओळीची पानं कडेनं कुरतडलेली. मी संध्याकाळी घरात सांगितलं. पप्पांनी आईकडं बघितलं, आईनं भाकरीकडं.

"गप ऱ्हावा," आई म्हणाली. "आता कोशात जात्याल त्या. संपंल आपोआप."

मी गप राहिले. मी, जिला वर्गात गप बसवायला तीन बाकं बदलली होती.

गौरी आणखी जवळ आल्या तशी मावशी एका सकाळी आमच्या दारात उभी. हातात अळवाचं पान, पान कसलं, जाळी.

"बघ गं ही काय दशा झाली. रातीत आक्खं पान जातंय."

आई म्हणाली, "कीड असंल, मावशी."

"कीड कशाची? इतकी वर्सं न्हाई लागली कीड. नजर हाय ही. ती खालच्या वाडीतली मला दुकानात भेटली, म्हणली, मावशी, तुमच्यासारखं आळू कुणाचंच न्हाई. त्याच दिशी लागलंय. चांगलं सुनावून आले तिला. आता तिचं तोंड बघायची न्हाई मी."

आईनं तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी आईकडं बघत होते आणि आई चौकटीला धरून उभी होती.

मावशी पुढं म्हणाली, "तू माळकरी बाई. तुज्या हाताला गुण येईल. चल की, मीठमोहऱ्या घे आणि उतरून टाक माज्या आळवावरनं."

आता काय सांगणार? आई आत गेली. मला वाटलं मागच्या दारानं पळते की काय. पण ती मूठ भरून घेऊन आली. मी आणि धाकटी मागं मागं. सुट्टी होती म्हणून धाकटी घरात होती, नाहीतर कदाचित हे झालंच नसतं. म्हणजे, जे झालं ते बाहेर आलं नसतं. असाही विचार मी त्या वाटेवर केला, हे सांगायची लाज वाटते.

बांधावर पाच-दहा चांगली पानं सोडली तर सगळी चाळण. खाली मिरीच्या दाण्यांसारखी काळी लेंडी पडलेली. मावशीला ती मातीच वाटत असणार. आईनं मूठ पानांवरनं फिरवायला सुरुवात केली. तिचा आवाज मला कधीच करता आला नाही, इतका तो साधा आहे, पण त्या दिवशी तो तिचाही नव्हता.

"आल्यागेल्याची, सोयऱ्याधायऱ्याची, शेजारणी..."

थांबली. खोकली. मूठ हवेतच.

"शेजारणीपाजारणीची," मावशीनंच पुरं केलं. "म्हण की गं."

आणि तेवढ्यात धाकटी, जी पानाखाली वाकून बसली होती, ती आनंदानं किंचाळली, "आई! पप्पांचा सुपरवायझर! बघ, शिंग वाकडं! केवढा झालाय!"

जत्रेत वर्गातली मैत्रीण भेटावी तशी. मावशीला आधी काही कळलं नाही. तिनं वाकून पान उलटं केलं. सुपरवायझर निवांत खात होता. तिनं धाकटीकडं बघितलं.

"कुणाचा म्हणलीस?"

धाकटीला एव्हाना कळलं होतं. ती माझ्यामागं आली. मावशी माझ्याकडं वळली. माझ्याकडं एवढे आवाज आहेत, त्यातला एकही आला नाही.

"त्या दिशी पाव्हणं पाव्हणं करत हसत व्हतीस," ती म्हणाली, "ते हे व्हय?"

मी मान हलवली.

"आन मी दारात उभी ऱ्हाऊन हसत व्हते."

आई म्हणाली, "मावशी, आमी रानआळवावर सोडल्या व्हत्या. तुज्यावर न्हाई."

"रानाला कुंपण घातलंवतं व्हय गं तू?" मावशी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही रडता आलं असतं. "मला म्हणली असतीस तर मीच न्हेल्या असत्या. कोंबड्यांनी खाल्ल्या असत्या. पर तुला मारायचं न्हवतं. मंग कुणी मारायचं? मी? तुज्या गळ्यात माळ हाय म्हणून पाप माज्या दारात व्हय?"

आईच्या मुठीतलं मीठ घामानं ओलं झालं होतं. मोहऱ्या बोटांना चिकटल्या होत्या. ती मूठ टाकायची कुठं हेच तिला कळेना. शेवटी तशीच धरून घरी आली.

मागनं मावशीचं एवढंच ऐकू आलं, आमच्याशी नाही, स्वतःशीच, "आता त्या खालच्या वाडीतलीच्या दारात जाऊन मलाच खाली बघावं लागंल."

घरात आल्यावर मी पहिलं काय केलं, तर धाकटीवर ओरडले. गप बसता येत नाही का, सगळीकडं तोंड घालायलाच पाहिजे का. ती भिंतीकडं तोंड करून रडत बसली. पप्पा आले, त्यांना कळलं, आणि ते बूट घातलेले तसेच जिन्याच्या पायरीवर बसले. मग मला म्हणाले, "तिला का वरडतीस? तू रोज आख्ख्या गावाला बोलून दाखवतीस. आज कुटं गेलतं तोंड?"

आईनं विळा काढला आणि मागं जाऊन आमचं सगळं अळू कापलं. मोठी पानं, कोवळी पानं, सगळी. पप्पा म्हणाले, "गौरीपुरती चार ठेव." तिनं तीही कापली. मी आणि पप्पांनी जुड्या बांधल्या. अळवानं माझे हात खाजत होते आणि मला ते बरं वाटत होतं.

जुड्या पाटीत भरून मी मावशीकडं नेल्या. ती ओट्यावर तिची उरलेली पानं पुसत बसली होती. तिनं पाटीकडं बघितलं आणि म्हणाली, "ठेव तितं." मी ठेवली आणि निघाले. "आन उद्या लोणावळ्याला न्यायची कुणी?" तिनं विचारलं. "तुज्या आईनं का सुपरवायझरनं?"

म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. कामशेतला लोकलमध्ये पाटी चढवली, लोणावळ्याला उतरवली. बाजारात तिनं पोतं अंथरलं. एका बाजूला तिच्या थोड्याशा जुड्या, दुसऱ्या बाजूला आमचा ढीग. मी पाणी शिंपडायला बसले.

पहिली गिऱ्हाईक आली, गॉगल डोक्यावर चढवलेली, कापडी पिशवीवाली. "मावशी, पानं मस्त आहेत हो. किडकी नाहीत ना? औषध वगैरे मारलंय?"

"न्हाई वो ताई," मावशी म्हणाली आणि आमच्या ढिगातली जुडी उचलली. "ही माळकऱ्याच्या घरची हाय. ती लोकं किडीला बी हात लावत न्हाईत."

"अगंबाई! म्हणजे ऑरगॅनिक!" ती खूश झाली. "किती छान माणसं असतात ना हो खेड्यात."

"लय छान," मावशी म्हणाली.

मी पाणी शिंपडत राहिले. कोरडी पानं शिल्लक नव्हती तरी शिंपडत राहिले. हेच ती प्रत्येकीला सांगत होती. माळकऱ्याच्या घरची हाय. किडीला बी हात लावत न्हाईत. आणि बायका घेत होत्या. एकीनं तर मला विचारलं, "तुझ्याच घरची का गं?" मी व्हय म्हणाले. माझा स्वतःचा आवाज मला ओळखू आला नाही.

दुपारपर्यंत पोतं रिकामं झालं, पण एरवी तिचा बांध भरलेला असतो आणि इथं आमच्या मोरीमागचा तुकडा, त्यामुळं पैसे कमीच आले. कामशेतला उतरल्यावर ती साडीच्या दुकानात गेली. मीही गेले, पाटी घेऊन दारात उभी राहिले. दुकानदारानं बाजूला काढलेली जरीकाठाची आणली, उलगडली. मावशीनं काठावरनं हात फिरवला, पदर बघितला आणि घडी घालायला लावली. मग खालच्या फळीवरची एक घेतली, सुती, बारीक काठाची.

"हीच बरी," ती म्हणाली. "धुवायला हलकी."

दुकानदार म्हणाला, "मावशी, ती ठेवू का पुढच्या वर्षी?"

"नगं. दुसऱ्या कुणाला तरी दे."

घराजवळ आल्यावर तिनं पदराखालनं एक जुडी काढली. कधी बाजूला ठेवली होती मला दिसलंच नव्हतं. माझ्या हातात दिली.

"आईला दे. गौरीला आळू लागतंच."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "जा. माजी लेक येईल आता," आणि आत गेली.

आईनं ती जुडी बघितली, कुणी दिली ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं भाजी केली, चिंच, गूळ, शेंगदाणे, सगळं बेतानं घालून. गौरीपुढं वाढली. मग आम्हा तिघांना वाढली. पप्पा म्हणाले, "चांगली झालीय." कुणी पुन्हा घेतली नाही. आईनं स्वतःच्या पानात भात घेतला, वरण घेतलं, पुरणपोळी घेतली. भाजीचं पातेलं तिच्या हाताशीच होतं. तिनं घेतली नाही, आणि आम्ही कुणी तिला घे म्हणालो नाही.